तीच टेस्ट, तोच कोड, तरी एकदा हिरवी आणि एकदा लाल

कोल्हापुरात टेस्टिंगचं काम करणाऱ्या पोरापोरींचे जे मेसेज येतात, त्यातले बरेचसे एकाच वाक्यानं सुरू होतात. "दादा, माझ्या मशीनवर चालतंय की!" टेस्ट म्हणजे सॉफ्टवेअर नीट चालतंय का ते आपोआप तपासणारा छोटा प्रोग्रॅम. ती दिवसा लॅपटॉपवर पास म्हणजे हिरवी, रात्री सर्व्हरवर फेल म्हणजे लाल, सकाळी कुणी पुन्हा चालवली की परत पास. मग तिच्यापुढं 'नेटचा प्रॉब्लेम' असा शेरा पडतो. पावसाळ्यात तर हा शेरा बिनविरोध मंजूर होतो, कारण जुलैत राजारामपुरीतलं नेट आणि लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. पण टेस्ट चालते क्लाउडवरच्या मशीनवर. तिथं आपला पाऊस पडत नाही.

उदाहरणं आमच्या कामातली देतो. गुळाच्या अडत दुकानासाठीचं, ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर आहे. आवक नोंदवायची, सौद्यात ठरलेला दर टाकायचा, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी (मालाच्या पैशाचा हिशोब) काढायची. टेस्ट पायथनमध्ये, सेलेनियम ४ (कोडमधून ब्राउझर चालवणारं साधन) आणि पायटेस्टवर (टेस्ट पळवणारं साधन), रात्री लिनक्स कंटेनरमध्ये (सर्व्हरवरच्या वेगळ्या बंदिस्त जागेत) हेडलेस, म्हणजे खिडकी न दाखवणाऱ्या, क्रोमवर चालतात. तुमची भाषा जावा असेल, सॉफ्टवेअर दवाखान्याचं किंवा फाउंड्रीचं असेल, तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी 'कधीकधी' घालवा

अशा टेस्टला हात लावण्याआधी ती दर वेळी फेल होईल असं करून दाखवायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण कधीकधी फेल होणाऱ्या टेस्टमध्ये काहीही बदललं तरी पुढच्या खेपेला ती पास होण्याची शक्यता असतेच. स्लीप (ठरावीक सेकंद नुसतं थांबायची ओळ) वाढवला, पास झाली. एक्सपाथ (पानातली वस्तू शोधायचा पत्ता) बदलला, पास झाली. खुर्ची बदलून बसला असता तरी झाली असती. बदलामुळं सुधारली की नशिबानं, हे कळायला मार्ग नाही. याउलट दर वेळी फेल होणारी टेस्ट एका बदलानंतर पास झाली, तर बोलणंच संपलं.

वेळेचा संशय असेल तर ब्राउझर मुद्दाम हळू करा. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये परफॉर्मन्सच्या टॅबवर सीपीयू चार पट, सहा पट हळू करायची सोय आहे. तीच गोष्ट सेलेनियममधून क्रोमला सीडीपी (बाहेरून क्रोमला हुकूम द्यायची सोय) कमांड देऊनही करता येते, 'एम्युलेशन डॉट सेट सीपीयू थ्रॉटलिंग रेट' या नावानं. नेटवर्कही तसंच मंद करता येतं. सर्व्हरवरच्या मशीनला दोनच कोअर असतात आणि तुमच्या लॅपटॉपला आठ. टेस्ट तिथं का पडते याचं निम्मं उत्तर या एका प्रयोगात मिळतं. पायटेस्टचं रिपीट प्लगइन लावून तीच टेस्ट ओळीनं पन्नास वेळा पळवणं हा दुसरा मार्ग, पण त्याला वेळ लागतो आणि 'पन्नासात तीनदा पडली' एवढंच हाती येतं. हळू केल्यावर पन्नासात पन्नास वेळा पडली, तर कारण हातात आलं म्हणून समजा.

एररचं नाव वाचा, खालची ओळ नको

लॉगमध्ये दोनशे ओळी असतात आणि पोरं शेवटची ओळ कॉपी करून पाठवतात. कामाचं असतं ते एक्सेप्शनचं नाव. 'नो सच एलिमेंट' आणि 'टाइमआउट' म्हणजे वस्तू अजून आलेली नाही, किंवा तुम्ही चुकीच्या पत्त्यावर शोधताय. 'एलिमेंट नॉट इंटरॅक्टेबल' म्हणजे वस्तू पानात आहे पण दिसत नाही. 'एलिमेंट क्लिक इंटरसेप्टेड' म्हणजे दिसते, पण तिच्यावर दुसरं काहीतरी बसलंय. 'स्टेल एलिमेंट रेफरन्स' म्हणजे तुम्ही पकडलेली वस्तू पानातून गेली आणि तिच्या जागी हुबेहूब दुसरी आली. 'सेशन नॉट क्रिएटेड' असेल तर तुमची टेस्ट सुरूच झालेली नाही, ब्राउझर आणि ड्रायव्हर (तुमच्या कोडचे हुकूम ब्राउझरला पोहोचवणारा प्रोग्रॅम) यांचंच जुळलेलं नाही.

या सगळ्यांवर एकच औषध देणारे लोक आहेत, आणि त्या औषधाचं नाव 'टाइम डॉट स्लीप पाच'.

स्लीपनं काय होतं

सेलेनियम २००४ मध्ये सुरू झालं तेव्हाच्या बहुतेक साइटवर बटण दाबलं की अख्खं पान नव्यानं यायचं. पान आलं म्हणजे सगळं आलं. आताच्या रिॲक्टच्या (पान ब्राउझरमध्येच रचणाऱ्या लायब्ररीच्या) पानात लोड पूर्ण झाल्याची खूण मिळते तेव्हा बऱ्याचदा नुसता सांगाडा आलेला असतो, आतला डेटा मागून येतो. ड्रायव्हरचा 'गेट' (पान उघडायची कमांड) पान लोड होईपर्यंत थांबतो, पण डेटासाठी थांबत नाही. तो डेटा येणार आहे हे त्याला माहीतच नसतं. शिवाय तुमचा कोड आणि ब्राउझर हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. प्रत्येक 'शोध', 'क्लिक कर', 'टाइप कर' ही ड्रायव्हरला पाठवलेली स्वतंत्र एचटीटीपी विनंती असते. कोड आणि ड्रायव्हर यांचं हे बोलणं 'वेबड्रायव्हर' या नावानं २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक आहे. दोन विनंत्यांच्या मधल्या फटीत पान काय वाट्टेल ते करू शकतं.

या फटीत स्लीप घालणं म्हणजे केएमटीच्या स्टॉपवर पाच मिनिटं उभं राहायचं आणि बस आली की नाही ते न बघताच पाऊल उचलायचं. लवकर आली तर उरलेला वेळ फुकट, उशिरा आली तर पाय गटारात. दोनशे टेस्ट आणि प्रत्येकीत पाच सेकंदांचे असे चार स्लीप असले तर रोज रात्री तासाहून जास्त वेळ नुसतं उभं राहण्यात जातो.

त्याऐवजी वेबड्रायव्हरवेट वापरा. तो ठरलेल्या मुदतीपर्यंत दर अर्ध्या सेकंदाला अट तपासतो आणि अट खरी झाली की त्याच क्षणी पुढं जातो. मुदत दहा सेकंदांची ठेवली म्हणून दहा सेकंद जात नाहीत.

पण खरा प्रश्न अट कोणती, हा आहे, आणि इथंच लोक घसरतात. 'सेव्ह' बटण दिसेपर्यंत थांबलात, पण ते बटण पहिल्यापासूनच दिसत होतं. तुम्हाला खरं तर थांबायचं होतं शेतकऱ्याच्या खात्याची बाकी येईपर्यंत, कारण तिच्याशिवाय पट्टी चुकीची निघते. म्हणून प्रत्येक वेटच्या आधी स्वतःला विचारा: समोर बसलेला दिवाणजी इथं काय दिसायची वाट बघतो? तो बटणाची बघत नाही, आकड्याची बघतो. तीच अट लिहा.

आणि इम्प्लिसिट वेट (प्रत्येक शोधाला आपोआप लागणारी मुदत) एक्स्प्लिसिटबरोबर (वरच्यासारखी अट लिहून थांबण्याबरोबर) मिसळू नका. सेलेनियमच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येच इशारा आहे की इम्प्लिसिट दहा आणि एक्स्प्लिसिट पंधरा सेकंद ठेवले तर टाइमआउट वीस सेकंदांनी होऊ शकतो. इम्प्लिसिट मुळात शून्य असतो, तो शून्यच राहू द्या. त्याचा आणखी एक ताप म्हणजे 'ही ओळ यादीतून गेली' हे तपासताना तो पूर्ण दहा सेकंद ती ओळ शोधत बसतो. नसलेली वस्तू नाही, हे सांगायला दहा सेकंद!

पट्टीच्या पानावरचा स्टेल

हा जरा जवळून बघू, कारण स्टेलचा एरर सगळ्यात जास्त छळतो.

पट्टीच्या पानावर एक तक्ता आहे. ओळीत रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या, वजन, दर, रक्कम. टेस्ट पहिली ओळ शोधते, तिच्यातला दराचा बॉक्स पकडते, रक्कमेचा रकाना पकडते, मग दर टाइप करते ४१५० आणि रक्कम वाचते. सरळ आहे. पण दर बदलला की पान रक्कम पुन्हा काढतं, हमाली-तोलाई पुन्हा काढतं आणि ती अख्खी ओळ नव्यानं मांडतं. डोळ्याला काही फरक दिसत नाही. पण तुम्ही आधी पकडलेला रक्कमेचा रकाना आता पानात नाही, त्याच्या जागी दुसरा आहे. रक्कम वाचायला गेलात की स्टेल. लॅपटॉपवर ओळ नव्यानं मांडण्याआधीच वाचून होतं, म्हणून एरर येत नाही. त्यात जुनी रक्कम वाचली जाते हा आणखी वाईट प्रकार, कारण जुनी आणि नवी रक्कम योगायोगानं सारखी असली तर टेस्ट खोटीच पास होते.

उपाय असा की एलिमेंट (पकडलेली वस्तू) साठवून ठेवायचा नाही, लोकेटर (ती शोधायचा पत्ता) साठवायचा. प्रत्येक वापराच्या वेळी नव्यानं शोधायचं. पेज ऑब्जेक्टच्या (एका पानासाठी लिहिलेल्या क्लासच्या) कन्स्ट्रक्टरमध्ये सगळे एलिमेंट शोधून ठेवायची सवय काही पुस्तकी कोर्समुळं लागते; ती मोडा. आणि वेटची अट 'रक्कम दिसते' अशी नको, 'रक्कम आधीपेक्षा वेगळी आहे' किंवा सरळ 'रक्कम इतकी इतकी आहे' अशी हवी.

याच पानावर दुसरी गंमत होते. ४१५० टाइप केलं आणि बॉक्समध्ये ४५० राहिलं. सेंड कीज (सेलेनियमची टाइप करायची कमांड) एकामागून एक आकडे पाठवतो, माणसापेक्षा फार वेगानं, आणि मधल्या एखाद्या आकड्याला पानानं बॉक्स पुन्हा मांडला तर तो आकडा गळतो. सीपीयू सहा पट हळू केला की हे हमखास दिसतं. टाइप केल्यावर बॉक्सची व्हॅल्यू वाचून ताडून बघा. पण तेवढ्यावर थांबू नका. भरभर टाइप करणाऱ्या दिवाणजीच्या हातूनही हा आकडा गळू शकतो, तेव्हा डेव्हलपरला दाखवा. चार हजारांचा दर चारशे झाला तर शेतकरी काय बोलेल ते इथं लिहिता येणार नाही.

क्लिक अडला की जावास्क्रिप्टनं क्लिक करू नका

'पट्टी सेव्ह झाली' असं हिरव्या सूचनेत खाली येतं आणि तीन सेकंदांनी जातं. ते नेमकं 'प्रिंट' बटणावर बसतं. टेस्टला इंटरसेप्टेडचा एरर. नेटवर पहिलं उत्तर सापडतं ते एक्झिक्यूट स्क्रिप्ट वापरून थेट क्लिक मारायचं. चालतं, टेस्ट हिरवी होते. पण तो क्लिक कुठल्याही माणसाला करता येणार नाही असा क्लिक आहे. बटण झाकलेलं असो, नसो, तो बसतोच. मग टेस्ट कसली करताय?

ती सूचना जाईपर्यंत थांबा, इनव्हिजिबिलिटीची अट त्यासाठीच आहे. एक लक्षात असू द्या, 'एलिमेंट टू बी क्लिकेबल' ही अट नावावरून वाटते तेवढी हुशार नाही. ती फक्त दिसतं का आणि इनेबल आहे का एवढंच बघते. वर दुसरं काही बसलंय का हे बघत नाही. त्यामुळं वेट पास आणि पुढच्याच ओळीत इंटरसेप्टेड, हे चालू राहतं.

हेडलेसमध्येच पडते

लॅपटॉपवर खिडकी मोठी असते. हेडलेस क्रोमला आकार सांगितला नाही तर तो मुळात ८०० बाय ६०० धरतो, आणि एवढ्या रुंदीला अनेक साइट मोबाइलचा मेनू दाखवतात. तुम्ही शोधताय तो 'सौदे' मेनू तीन आडव्या रेघांच्या मागं दडलेला असतो. एरर येतो नॉट इंटरॅक्टेबलचा. खात्री करायला लॅपटॉपवरची खिडकी ८०० बाय ६०० करून टेस्ट चालवा. पडली की कारण मिळालं. विंडो साइज ऑप्शनमध्ये स्पष्ट लिहा, आणि मॅक्सिमाइझवर विसंबू नका.

क्रोमचं जुनं हेडलेस हा वेगळाच ब्राउझर होता म्हटलं तरी चालेल. क्रोम ११२ पासून नवीन हेडलेस आलं, ते खऱ्या क्रोमचाच कोड वापरतं. क्रोम १३२ पासून जुनं क्रोमच्या आत राहिलंच नाही, हवं असेल तर वेगळं 'क्रोम हेडलेस शेल' घ्यावं लागतं. तेव्हा २०२० साली कुणीतरी लिहिलेल्या ऑप्शनची यादी डोळे झाकून चिकटवू नका.

डॉकरमध्ये (कंटेनर चालवणाऱ्या साधनात) पान मधेच कोसळत असेल, 'टॅब क्रॅश्ड' येत असेल, तर शेअर्ड मेमरी बघा. डॉकर ती मुळात ६४ एमबी देतो, क्रोमला ती पुरत नाही. कंटेनर चालवतानाच ती वाढवा किंवा क्रोमला डेव्ह-एसएचएम न वापरायचा फ्लॅग द्या. यावर जास्त डोकं घालवू नका, इतकंच आहे.

स्क्रीनशॉटमध्ये मराठीच्या जागी चौकटी दिसल्या तर कंटेनरमध्ये देवनागरी फॉन्ट नाही. नोटो सान्स देवनागरी टाका. पण मजकूर जुळत नाही याचं खापर त्यावर फोडू नका. सेलेनियम मजकूर डॉममधून (पानाच्या आतल्या रचनेतून) घेतं, रंगवलेल्या चित्रातून नाही, तेव्हा चौकटी दिसत असल्या तरी अक्षरं बरोबरच मिळतात. मजकूर न जुळण्याचं कारण वेगळं आहे, ते पुढं.

सेशनच सुरू होत नाही

ही तक्रार साधारण महिन्याला येते, आणि त्याचं कारण साधं आहे: २०२१ पासून क्रोमची नवी आवृत्ती दर चार आठवड्यांनी येते. क्रोम आपोआप पुढं गेला आणि तुम्ही कधीकाळी पाथमध्ये (प्रोग्रॅम जिथं शोधले जातात त्या फोल्डरांच्या यादीत) टाकलेला क्रोमड्रायव्हर तिथंच राहिला. सेलेनियम ४.६ पासून सेलेनियम मॅनेजर सोबतच येतो आणि जुळणारा ड्रायव्हर स्वतः आणतो. पण पाथमध्ये जुना ड्रायव्हर पडलेला असेल तर तो आधी तोच उचलतो. तेव्हा नवा डाउनलोड करायच्या आधी जुना काढून टाका. सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) तर क्रोम ११५ पासून उपलब्ध असलेला 'क्रोम फॉर टेस्टिंग' वापरा. तो स्वतःहून अपडेट होत नाही. आवृत्ती तुम्ही बदलाल तेव्हाच बदलेल.

आपल्या भाषेतले घोटाळे

हा भाग इंग्रजी उत्तरांत सापडत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

'शेतकऱ्याचे नाव' हे लेबल पानावर ढळढळीत दिसतंय, आणि त्याच मजकुरावर लिहिलेला एक्सपाथ म्हणतो नाही सापडलं. 'गुऱ्हाळ', 'व्यापाऱ्यांची यादी', 'दुसऱ्या सौद्याचा दर', सगळीकडं हेच, आणि 'वजन', 'दर', 'रक्कम' मात्र बिनतक्रार सापडतात. यात साम्य काय? अर्धा र. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हेनं लिहिता येतो. एक म्हणजे ऱ, कोड यू+०९३१, आणि पुढं हलन्त. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर, कोड यू+२००डी. 'शेतकऱ्याचे' आणि 'शेतकर्‍याचे', डोळ्याला सारखेच. पायथनला पहिल्याची लांबी विचारली तर दहा, दुसऱ्याची अकरा. ज्याला विश्वास बसत नाही त्यानं पायथनमधलं 'ॲस्की' फंक्शन दोन्हीवर चालवून बघावं, कोड समोर येतील.

मग हे 'कधीकधी' का होतं? कारण लेबलं एका माणसानं एका कीबोर्डवरून टाइप केलेली असतात, काही मजकूर जुन्या फाइलींमधून कन्व्हर्ट होऊन आलेला असतो, आणि शेतकऱ्यांची नावं डेटाबेसमध्ये ज्याच्या त्याच्या मोबाइलवरून आलेली असतात. आज टेस्टला जी नोंद मिळाली तिच्यावर सगळं ठरतं. अनेकांना वाटतं एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडमधल्या वेगळ्या तऱ्हा एकसारख्या करायची ठरलेली रीत) लावलं की काम झालं. नाही होत. र आणि नुक्ता असे सुटे आले असतील तर एनएफसी त्यांचा ऱ करतं, पण जॉइनरवाल्या तऱ्हेला ते हात लावत नाही. तिच्यासाठी स्वतःच एक छोटं फंक्शन लिहावं लागतं: 'र, हलन्त, जॉइनर' हे तीन मिळून आले की त्यांच्या जागी 'ऱ, हलन्त' ठेवायचं, आणि तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंना लावायचं. सरसकट सगळे जॉइनर उडवू नका. तसं केलं तर अर्ध्या र चा रफार होतो आणि दुसरीकडं मुद्दाम मोडलेली जोडाक्षरं जुळतात.

बटण शोधायला मराठी लेबल वापरूच नका, डेव्हलपरकडून डेटा-टेस्ट-आयडी (खास टेस्टसाठी बटणाला लावलेलं नाव) मागून घ्या. लेबल बरोबर आहे का हे एका वेगळ्या टेस्टमध्ये एकदा तपासा. आणि ही गोष्ट टेस्टपुरती सोडू नका: टेस्टला जे नाव सापडत नाही ते दुकानातल्या माणसाला सर्च बॉक्समध्येही सापडत नाही. तो नव्यानं खातं उघडतो, आणि वर्षअखेरीला एकाच शेतकऱ्याची दोन खाती निघतात.

आकड्यांचंही तसंच. पानानं जावास्क्रिप्टचं 'टू लोकेल स्ट्रिंग' काही न सांगता वापरलं असेल तर एक लाख ही रक्कम ब्राउझरच्या भाषेप्रमाणं दिसते. भारतीय इंग्रजीवर स्वल्पविराम लाखाच्या जागी, अमेरिकन इंग्रजीवर तीन-तीन आकड्यांचे गट, आणि मराठी ठेवली असेल तर आकडेच देवनागरी. ऑफिसात एकाचा क्रोम मराठीत, एकाचा इंग्रजीत, कंटेनर अमेरिकन. तीन मशीन, तीन निकाल. इथं आणखी एक मेख आहे. पायथनचा 'इंट' देवनागरी आकडे बिनबोभाट वाचतो, ४१५० दिलं की ४१५० घेतो. जावास्क्रिप्टचा 'नंबर' तेच वाचू शकत नाही, 'नॉट अ नंबर' म्हणतो. म्हणजे टेस्टमध्ये बेरीज जुळते आणि पानात मोडते. लोकेल (कुठल्या भाषेची आणि देशाची पद्धत वापरायची ते) कोडमध्ये स्पष्ट लिहायला लावा.

जाता जाता: सेंड कीज देवनागरी अक्षरं थेट बॉक्समध्ये पोहोचवतो. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डवर शब्द अर्धवट असताना ब्राउझरमध्ये ज्या घडामोडी होतात, त्या सेलेनियममध्ये होत नाहीत. नाव टाइप करताना सुचवण्यांची यादी उड्या मारते ही तक्रार टेस्टमध्ये कधीच सापडणार नाही. ती हातानंच तपासावी लागते.

रात्री बारा ते साडेपाच

फक्त रात्रीच फेल होणाऱ्या टेस्टमध्ये कुठं तारीख असेल तर सर्व्हरचं घड्याळ बघा. क्लाउडवरची मशीन सहसा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात, आपण साडेपाच तास पुढं. आपल्याकडं मध्यरात्र उलटली की पहाटे साडेपाचपर्यंत तिथं कालचीच तारीख असते. रात्री दोनला चालणारी टेस्ट आवक नोंदवते आणि 'आजची आवक' उघडते, तर यादी रिकामी. सकाळी दहाला कुणी चालवली की पास.

दोन प्रयोग करा. कंटेनरचा टाइम झोन एशिया-कोलकाता करून रात्री दोनला चालवा. पास झाली तर बहुतेकांचं समाधान होतं आणि विषय मिटतो. पण दुसरा प्रयोग जास्त महत्त्वाचा: लॅपटॉपचं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवून पहाटे चारची वेळ लावा आणि हातानं आवक नोंदवा. पान 'टू आयएसओ स्ट्रिंग' वापरून तारीख काढत असेल तर ती यूटीसीची निघते, म्हणजे कालची. मार्केट यार्डात पहाटे गाडी उतरवून घेताना नोंद करणाऱ्या माणसाची आवक आदल्या दिवसात जाते आणि दिवसाचा मेळ चुकतो. तिथं टाइम झोन बदलून टेस्ट हिरवी करणं म्हणजे खरा बग झाकणं.

एकमेकींच्या पायात येणाऱ्या टेस्ट

एकटी चालवली की पास, सगळ्यांबरोबर फेल, असं असेल तर दोन टेस्ट एकाच खात्यावर हात मारतायत. एक त्याची पट्टी काढते, दुसरी तोवर बाकी तपासते. पायटेस्टचं रँडमली प्लगइन क्रम बदलून चालवतं, त्यात हे लगेच उघडं पडतं. प्रत्येक टेस्टनं आपला शेतकरी स्वतः तयार करावा, नावाला एखादा न जुळणारा आकडा लावून, आणि तोही स्क्रीनवरून नको, थेट एपीआयमधून (स्क्रीन न उघडता सर्व्हरशी बोलायच्या वाटेनं). वेळ वाचतो.

प्लेराइटवर जाऊ का?

हा प्रश्न हल्ली प्रत्येक जण विचारतो. मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये आणलेलं प्लेराइट हे सेलेनियमसारखंच ब्राउझर चालवणारं साधन क्लिक करण्याआधी स्वतःच बघतं की वस्तू दिसते का, हलत तर नाही ना, इनेबल आहे का, आणि क्लिक खरंच तिलाच बसेल का. लोकेटर दर वेळी नव्यानं शोधतं, त्यामुळं वर सांगितलेला स्टेलचा त्रास जवळपास संपतो. टाइम झोन आणि लोकेल दोन ओळींत ठरवता येतात. ट्रेस उघडून प्रत्येक पायरीला पान कसं होतं ते मागं जाऊन बघता येतं, ते फारच भारी आहे. नवीन प्रोजेक्ट असेल तर मी तेच घेईन. पण हजार टेस्ट सेलेनियममध्ये असतील आणि त्या पडतायत म्हणून जायचं असेल, तर आधी कारणं मोजा. अर्धा र, यूटीसीची तारीख आणि सामायिक खाती यातलं काहीही प्लेराइट तुमच्यासाठी मिटवत नाही. त्याच चुका नव्या कपड्यात येतील.

री-रन आणि सोबत काय आणायचं

फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवणाऱ्या री-रन प्लगइनला माझा सरसकट विरोध नाही. रात्रीच्या वेळी खरंच कधी सर्व्हर डुलकी घेतो. पण एकदाच, आणि दुसऱ्या खेपेला पास झालेली टेस्ट रिपोर्टमध्ये हिरवी नाही, पिवळी दिसली पाहिजे. तिची नोंद वेगळ्या यादीत गेली पाहिजे. यादीत तीच टेस्ट पुन्हा दिसली की तिला वरच्या प्रयोगांना बसवायची.

आणि विचारायला येताना पाच गोष्टी घेऊन या, म्हणजे दोघांचा वेळ वाचेल: फेल झाल्या क्षणाचा स्क्रीनशॉट, त्याच क्षणाचा पेज सोर्स, ब्राउझरच्या कन्सोलचा लॉग, क्रोम आणि ड्रायव्हरच्या आवृत्त्या, आणि भारतीय व यूटीसी अशी दोन्ही घड्याळांची वेळ. पायटेस्टमध्ये एक हुक लिहून हे सगळं फेल झाल्यावर आपोआप फोल्डरमध्ये पडेल अशी सोय करा. पेज सोर्स विसरू नका, स्क्रीनशॉटमध्ये जॉइनर दिसत नाही.